किकच्या भयातून उठा!

मच्छीमार नगरातील तरुणांनो, तरुणींनो,

रात्री अकरा वाजून गेल्यावर तुमच्या मोबाइलवर गिल्डच्या लीडरचा हुकूम उतरतो : ‘बारा वाजता वॉर. सगळे ऑन पाहिजेत. नाही आला तो किक.’ हा हुकूम सोडणाऱ्याचा चेहरा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? त्याचे खरे नाव, गाव, वय कुणाला ठाऊक आहे? तुमच्या घरात कोण आजारी आहे, उद्या कुणाचा पेपर आहे, पहाटे ससून डॉकला आईबरोबर पाटी उचलायला कुणाला जायचे आहे, याची चौकशी त्याने कधी केली आहे? तरीही तुम्ही उठून बसता. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून चादरीत तोंड खुपसून, कानात इअरफोन घालून तुम्ही हजेरी लावता. खेळाच्या ओढीने जागणारा जीव आनंदाने जागतो. तुम्ही भीतीने जागता, आणि या भीतीला तुम्ही इमानदारी असे नाव दिले आहे!

मी खेळाचा शत्रू नाही. मोबाइल दिसला की कपाळाला आठ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. त्यांच्या उपदेशाने एकही मुलगा सुधारलेला मी पाहिलेला नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला केवळ प्रात्यक्षिकापुरते स्थान होते, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या खेळात कांस्यपदक मिळवले. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या खेळांसाठी रीतसर पदके ठेवली गेली. शंभर जणांच्या रणांगणात चौघांच्या स्क्वॉडने शेवटच्या वर्तुळापर्यंत टिकून राहणे, याला बुद्धी लागते, संयम लागतो, सोबत्यावर डोळे मिटून विश्वास टाकण्याची हिंमत लागते. हे सारे गुण तुमच्यात आहेत. म्हणूनच तर संताप येतो! इतके गुण अंगी असलेली ही तरुण पिढी गिल्डच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताच मुकी का होते?

तुमच्यावर काय गुदरते ते तुम्ही रोज सोसता. मी फक्त ते उच्चारतो. आठवड्याचे पॉइंट भरले नाहीत म्हणून पन्नास जणांसमोर नाव घेऊन तुमची बेअब्रू होते. नेट अडखळले, गेम लॅग झाला, तर दोष तुमच्या आईबापांना लागतो. नव्या मेंबरकडून डायमंडचा, युसीचा टॉप-अप ‘गिफ्ट’ म्हणून मागितला जातो आणि दिला नाही तर तो ‘नूब’ ठरतो. ‘रँक पुश करून देतो’ असे सांगून पासवर्ड घेतला जातो, आणि तीन वर्षे रक्त आटवून उभी केलेली आयडी एका रात्रीत परक्याची होते. तुम्ही कुठे राहता हे कळले की माइकवर हशा पिकतो : ‘ए मच्छीवाल्या, वास इथपर्यंत येतोय!’ आणि तुम्हीही त्या हशात सामील होता. न हसावे तर किक, हसावे तर स्वतःच्या तोंडावर आपणच थुंकावे. यातले दुसरे तुम्ही निवडता.

मुलींचे काय? तुमच्याच गल्लीतल्या मुली तुमच्याच गिल्डमध्ये मुलाचे नाव लावून खेळतात आणि माइक कायम बंद ठेवतात. नेम तुमच्याहून पक्का, नकाशा तुमच्याहून पाठ, पण आवाज फुटला की काय ऐकावे लागेल हे त्यांना ठाऊक आहे. ज्या वस्तीत बाजाराचा सारा व्यवहार बायकांच्या हातात असतो, जिथे भर लिलावात कोळीण आवाज चढवून भाव पाडते आणि पैसा न् पैसा कनवटीला मोजून बांधते, त्या वस्तीच्या लेकींनी गप्प राहून खेळावे? तुमच्या आईचा आवाज डॉकवर कुणी बंद करू धजेल का? मग तुमच्या बहिणीचा आवाज कोण बंद करतो आहे, आणि तो बंद होताना तुम्ही कोणती बंदूक लूट करत बसला होता?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मासेमारीची बंदी होती, होड्या वर ओढलेल्या, ताडपत्र्यांनी झाकलेल्या. ताडपत्रीखालच्या कोरड्या जागेत चार मुले पॉवर बँकेभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. कस्टम रूमची मॅच होती, बक्षीस रोख होते. त्यातल्या एका मुलाच्या मोबाइलची काच कोपऱ्यापासून तडकलेली. अंगठा तडा चुकवून चालवायची त्याने सवयच करून घेतली होती. शेवटी उरलेल्या दोघा शत्रूंना त्याने एकट्याने पाडले. आरडाओरडा झाला, पाठीवर थापा पडल्या. मी विचारले, ‘पैसे किती आले?’ मुले एकमेकांकडे पाहू लागली. रक्कम लीडरच्या खात्यात जमा झाली होती. ती किती, हे विचारण्याची रीत गिल्डमध्ये नाही, असे मला समजावून सांगण्यात आले. त्या मुलाच्या वाट्याला काय आले? ‘वेल प्लेड ब्रो’ आणि आगीचे तीन इमोजी.

कोळ्याच्या पोराने वाटा विचारायचा नाही! ही रीत कुठून आली? तुमच्या आजोबांच्या होडीवर ती नव्हती. समुद्रावरून परतल्यावर मासळी विकली जाई. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च सगळ्यांसमोर वजा होई. मग उरलेल्याचे वाटे पडत. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा. तांडेलाला अधिक मिळे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसे, कारण किती अधिक हे लहानातल्या लहान खलाशालाही ठाऊक असे. तांडेलाचा शब्द समुद्रावर अखेरचा असतो. वादळात त्याच्याशी हुज्जत घालायची नसते. पण तो अधिकार त्याला वाऱ्याची, भरती-ओहोटीची, खडकांची जाण असते म्हणून मिळतो, आणि होडी बुडाली तर तोही बुडणार असतो म्हणून टिकतो. तुमचा लीडर कोणत्या वादळात तुमच्यासोबत आहे? तुमची आयडी बॅन झाली तर त्याचे काय बुडते?

आणि वाट्याची रीत केवळ कोळीवाड्याची आहे, मोबाइलच्या जगात ती चालायची नाही, असेही कुणी सांगू नये. १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट हा खेळ आला. त्यात एकेका ड्रॅगनला मारायला कित्येक खेळाडू तासन् तास झुंजत आणि हाती लागे ती लूट मूठभर वस्तूंची. ती कुणी घ्यायची यावरून भांडणे पेटली. तेव्हा तिथल्या एका गिल्डने ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ नावाची पद्धत काढली : जो मोहिमेला हजर राहील त्याला गुण, लूट घेतली की गुण वजा, आणि हिशोब सर्वांसमोर उघडा. पुढे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातल्या असंख्य गिल्डांनी ती पद्धत उचलली. कंपनीने ती दिली नव्हती, कायद्याने लादली नव्हती. खेळाडूंनी आपल्या अकलेने घडवली. सातासमुद्रापलीकडच्या पोरांना जे सुचले, ते ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या वाटे पडत आले त्यांना सुचू नये?

थोडे कंपन्यांविषयीही बोलू. फार नाही, कारण त्यांच्याकडून मला न्यायाची अपेक्षाच नाही. बीजीएमआय हा खेळ २०२१ मध्ये आपल्या देशात आला तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मर्यादा जाहीर झाल्या : दिवसाला ३ तास खेळ आणि दिवसाला ७००० रुपये खर्च. सात हजार, रोजचे! महिन्यात इतके मिळवायला ज्या आईला उन्हापावसात दारोदार पाटी फिरवावी लागते, तिच्या मुलाने एका दिवसात इतके उधळले तरी ते कंपनीच्या दृष्टीने मर्यादेत. या मर्यादा कुणाच्या घराकडे पाहून आखल्या असतील, हे तुम्हीच ओळखा. पैसे लावून खेळवण्याचा धंदा तरी ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने गुन्हा ठरवला. तो चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळे, प्रतिष्ठेचे स्थान दिले. मात्र गिल्डमध्ये कोण कुणाला कसे वागवतो, याला कोणताही कायदा पुरा पडणार नाही. तिथले कायदेमंडळ तुम्ही आहात.

‘पण आमच्या हातात काय आहे? किकचे बटन लीडरच्या हातात,’ असे तुम्ही म्हणाल. बटनाची थोरवी एकदा तपासून पाहू. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायरवर आली. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय दुकानांतून नाहीसा झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. प्रत्येक वेळी लीडरचे बटन डळमळले, रँक आणि स्किन टांगणीला लागल्या. काय उरले? कट्ट्यावरची तीच चार मुले उरली, एकमेकांचे नंबर उरले, आणि चार दिवसांत दुसऱ्या खेळात तीच टोळी पुन्हा उभी राहिली. गिल्ड कुठे होती मग? कंपनीच्या सर्व्हरवर की तुमच्यात? पन्नास जण असतात म्हणून लीडर असतो. पन्नास जण उठून गेले तर तो आपल्या सोन्याच्या मुकुटाच्या चिन्हासह रिकाम्या लॉबीत एकटा उभा राहील.

या मुंबई शहराने हा धडा एकदा गिरवला आहे. दिवस उगवायच्या आत गिरणीत शिरायचे आणि अंधार पडल्यावर बाहेर यायचे, सुट्टी मालकाच्या मर्जीने, अशी परळ-लालबागच्या कामगारांची दशा होती. तेव्हा महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, रविवारची सुट्टी मागणारे निवेदन लिहिले आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. अक्षर न येणाऱ्या माणसांनी अंगठे उठवले असतील, पण आपले नाव लपवले नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात, त्या गर्दीसमोर, दोन बाया उभ्या राहून बोलल्या! १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या शहरातल्या कामगारांनी पोटाच्या मालकाकडून आठवड्याचा एक दिवस हिसकावून घेतला, त्याच शहरात तुम्ही खेळाच्या लीडरला आठवड्याच्या सातही रात्री फुकट बहाल कराव्यात? ज्याच्याकडून पगार नाही, त्याच्या हजेरीपुस्तकात नाव लागावे म्हणून झोप, अभ्यास, नोकरी, आईचा हात सारे पणाला लावावे?

तुमच्या किनाऱ्याची एक आठवण साऱ्या जगाला माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रबरी बोटीतून काही अनोळखी तरुण तुमच्या वस्तीजवळ उतरले. पलीकडे बधवार पार्क उजळलेला होता, शहर आपल्या नादात होते. त्यांना ‘तुम्ही कोण?’ असे हटकले ते कोळ्यांनी. उत्तर उद्धट मिळाले, पुढचा दहशतवादी हल्ला रोखला गेला नाही. पण या शहरात सर्वप्रथम प्रश्न विचारला तो तुमच्या वस्तीने. किनाऱ्यावर परका दिसला की त्याला नाव-गाव विचारायचे, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. मग मोबाइलच्या पडद्यावर जो परका तुमचा पासवर्ड मागतो, ओटीपी मागतो, तुमच्या लहान बहिणीचा फोटो मागतो, त्याला ‘तू कोण?’ हे दोन शब्द विचारताना जीभ का अडखळते? विचारा. उत्तर मिळाले नाही तर दार लावा. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, ताबडतोब करा, आणि घरी सांगा. आई रागावेल. रागावू द्या.

मागण्या मांडणाऱ्याने स्वतःचे हात स्वच्छ ठेवावे लागतात, म्हणून आता जरा कडू बोलतो. लीडर जुलमी आहे, हे खरे. पण हरत आलेली मॅच अर्ध्यात सोडून पळणारे कोण? तिघे सोबती शत्रूच्या माऱ्यात असताना चिडून मोबाइल उशीवर फेकणारे कोण? ‘येतो’ म्हणून शब्द द्यायचा आणि तीन जणांना लॉबीत ताटकळत ठेवायचे, हॅकचे पॅनेल लावून मिळवलेल्या विजयाचे स्टेटस ठेवायचे, आपल्याहून कच्च्या खेळाडूला तीच शिवी द्यायची जी काल लीडरने आपल्याला दिली, हे कोण करते? समुद्रावर वायरलेसचे १६ नंबरचे चॅनेल संकटासाठी मोकळे ठेवायचे असते. तिथे कुणी गप्पा हाकत नाही, कुणी आईबहिणीवर येत नाही, कारण उद्या त्याच चॅनेलवरून आपल्यालाही हाक मारायची असते. माइकला तीच अदब द्या. माघार घ्यायची असेल तर आधी सांगा. हरलात तर शेवटपर्यंत उभे राहून हरा. आणि माइकवर कुणाच्या जातीचा, धंद्याचा, वस्तीचा, बाईपणाचा पाणउतारा होत असेल तर जो ऐकतो त्याने तिथल्या तिथे टोकले पाहिजे. ज्याच्यावर शिंतोडे उडतात त्यानेच दरवेळी का भांडायचे? त्याच्या आधी तुमचा आवाज उठला पाहिजे.

गिल्ड माणसाला काय देऊ शकते, हे नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या तरुणाच्या आयुष्यात दिसले. स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन या असाध्य आजाराने तो खुर्चीला खिळला होता. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. आपला मुलगा एकाकी जगला, या विचाराने आईवडील व्याकूळ होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी लिहिली आणि देशोदेशींहून ईमेल येऊ लागले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या ‘स्टारलाइट’ गिल्डची ती माणसे होती. इबेलिन या नावाने तो त्यांच्यात वावरला होता, त्यांच्या दुःखात धीर देत आला होता. त्यांच्यातले काही जण परदेशातून प्रवास करून त्याच्या अंत्यविधीला आले. खुर्चीत बसलेल्या त्या मुलाला त्याच्या गिल्डने आठवड्याच्या पॉइंटांवरून मोजले असते तर तो कोणत्या आठवड्यात किक झाला असता, याचा हिशोब करून पाहा.

तुमच्या दाराशी आता मेट्रोचे स्टेशन आहे, डोक्यावर मनोरे आहेत, आणि त्या मनोऱ्यांच्या खिडक्यांतून तुमच्या सुकत घातलेल्या मासळीकडे नाक मुरडून पाहणारी माणसेही आहेत. त्यांच्याशी तुमच्या वाडवडिलांचे भांडण जुने आहे आणि ते चालू राहील. खेळाच्या नियमांत मात्र पत्ता विचारला जात नाही, तिथे मनोऱ्यातला मुलगा आणि होडीवरला मुलगा एकाच विमानातून एकाच मैदानात उडी घेतात, दोघांच्या हातात आरंभी काहीच नसते. ही समता तुम्हाला पहिल्यांदा मिळाली आहे. ती कुणा दीडशहाण्या लीडरच्या पायाशी नेऊन ठेवू नका!

तेव्हा उठा. १ जूनला मासेमारीची बंदी लागेल, ३१ जुलैपर्यंत होड्या वर राहतील, घरातली माणसे घरात असतील. त्या पहिल्याच आठवड्यात सभा बोलवा. मोबाइल खिशात ठेवून, समोरासमोर बसून. ज्या मुली आजवर माइक बंद ठेवून खेळल्या त्यांना पहिले बोलू द्या आणि त्या बोलत असताना एकानेही मध्ये तोंड घालू नये. मग निवेदन लिहा, मराठीत लिहा. आठवड्यातली एक रात्र सर्वांना सुट्टी. बारावीच्या मुलाला परीक्षेच्या महिन्यात हजेरी माफ. बक्षिसाचा हिशोब दोन दिवसांत सर्वांसमोर. कुणाचाही पासवर्ड कुणीही मागायचा नाही. किक करण्याआधी पाच जणांच्या पंचांपुढे सुनावणी, आणि त्या पाचांत दोन मुली. लीडरची निवड दर तीन महिन्यांनी हात वर करून. निवेदनाखाली आयडीचे टोपणनाव चालणार नाही. आपसातल्या त्या कागदावर आपापले खरे नाव लिहा, मग त्याचा मजकूर लीडरला पाठवा, आणि त्याला आठ दिवसांची मुदत द्या.

तो समंजस असेल तर मान्य करील; असे लीडरही असतात, त्यांना तुमच्या नियमांनी हायसेच वाटेल, कारण पन्नास जणांचे रुसवेफुगवे एकट्याने सांभाळून तेही थकलेले असतात. आणि मुदत संपूनही उत्तर आले नाही, तर सगळ्यांनी एकाच संध्याकाळी बाहेर पडा आणि आपली गिल्ड काढा. तिचे नाव काय ठेवायचे यावरून भांडायला तुम्हाला उरलेला पावसाळा आहेच.